बसवून ठेवलेली अनसाकाकी

पत्रकात ‘लाज’ हा शब्द मी फार वापरते. लाज वाटली पाहिजे कंपनीला, लाज वाटली पाहिजे पालिकेला, लाज वाटली पाहिजे असल्या समाजाला. मोठ्या टायपात, पुढं उद्गारचिन्ह. आमच्या महिला आरोग्य गटाची ही पत्रकं मी निघोज्याला कंपन्यांच्या गेटवर शिफ्ट सुटताना वाटते. बायका ती घडी घालून डब्याच्या पिशवीत टाकतात. दुसऱ्याला लाज वाटायला लावणं हे माझं कामच आहे. पण अनसाकाकीबद्दल लिहायला बसले की तो शब्द गेटवरून माघारी फिरतो, चऱ्होलीत येतो, आमच्या भावकीच्या आळीत शिरतो आणि आमच्याच दारात उभा राहतो.

आमच्याकडे आईचा मान ठेवायची एक पद्धत आहे. जमिनींना भाव आले तेव्हापासून ती जास्तच बोकाळली. पोरगा पैसेवाला झाला की आईला बसवतो. बसवतो म्हणजे खरोखर बसवतो. चुलीपाशी जायचं नाही, झाडू धरायचा नाही, पिशवी उचलायची नाही, रस्त्यानं पायी दिसायचं नाही. आई जितकी जास्त बसलेली, तितका पोरगा मोठा. दोन सोयरे लग्नात भेटले की एक म्हणतो, “आमची आई पाण्याचा ग्लाससुद्धा उचलत न्हाई.” दुसरा लगेच म्हणतो, “आमची तर खालीच उतरत न्हाई. वरच समदं.” ही चढाओढ मी माझ्या कानांनी ऐकली आहे. यात कुणी दुष्ट नाही, हीच अडचण आहे. दुष्ट असता तर मी त्याच्यावर पत्रक काढून मोकळी झाले असते.

अनसाकाकी माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. खरं नाव अनुसया, पण त्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. बारीक चणीची, उन्हानं रापलेली. काका लवकर गेले, तेव्हापासून कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा. चालायची अशी, की मागं कुणी लागलंय. तिच्याशी बोलायचं तर बरोबर चालावं लागायचं.

“काकी, थांब की जरा.”

“थांबून बोलाया म्या काय खांब हाय? तू चाल, बोलणं व्हतंय आपसूक.”

आमची चऱ्होली आता सोसायट्यांनी भरली आहे. शेजारच्या फ्लॅटात कोण राहतं हे तिथं कुणाला ठाऊक नसतं. काकीला ठाऊक असायचं. नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न, “तू कुणाचा रं?” त्यानं कंपनीचं नाव सांगितलं की ती चिडायची. “कंपनीनं जल्म दिला व्हय तुला? गाव सांग.” एका गेटवर लातूरकडचा एक वॉचमन होता. त्याच्या गावाचं नाव, त्याच्या बायकोचं माहेर, त्याच्या घरची म्हैस कधी व्याली, हे सगळं तिच्या तोंडी असायचं. एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यातून जात नसे. आमच्या भावकीत कुठल्या घरची मुलगी कुठं दिली याचा वाद झाला, तर माणसं तिच्याकडे यायची. ती वांग्याला पाणी देता देता निकाल सांगायची.

दुर्गुणही होता. मिश्री. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, राग आल्यावर. डाव्या हाताचं बोट कायम काळं.

जमीन गेली तरी नदीकडची एक पट्टी राहिली होती. तिथं ती मेथी-कोथिंबीर लावायची आणि संध्याकाळी नाक्यावर पोतं अंथरून विकायला बसायची. नाक्यावर शकीलाचाचीचं दुकान. चाचीचा नवरा आत मिक्सर-पंखे दुरुस्त करतो, ती बाहेर गिऱ्हाईक बघते. काकीची छत्री आणि पाण्याची बाटली चाचीच्या दुकानातच असायची. गिऱ्हाईक नसलं की दोघी एकमेकींच्या सुनांबद्दल मोठ्यानं बोलायच्या, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्या सुनांनाही ऐकू जावं.

दत्तादादा तिचा एकुलता मुलगा. प्लॉटिंगच्या धंद्यात तो दत्ताशेठ झाला. पांढरी गाडी, पांढरे कपडे, ग्रॅनाइटचा बंगला, गेटवर दोन सिमेंटचे सिंह. त्याच्या एका बांधकामातला भागीदार एक दिवस घरी चहाला आला. मी तेव्हा सुवर्णावहिनीबरोबर, म्हणजे दत्तादादाच्या बायकोबरोबर, शेंगा सोलत बसले होते. काकी पाणी घेऊन बाहेर आली. तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला.

“मावशी, काल नाक्यावर मेथी विकत होता त्या तुम्हीच ना?”

“व्हय, म्याच. आन् जुडी सोडून देठं मोडून बघत व्हता ते तुमीच की! परत बांधली बी न्हाई.”

भागीदार हसला, खरंच मोकळा हसला. म्हणाला, मेथी फार छान निघाली. दत्तादादा हसला नाही. पाहुणा गेटबाहेर पडेपर्यंत त्यानं दम धरला.

“आई, उद्यापासून बंद. मला चार माणसांत मान वर करून फिरायचंय.”

“आन् म्या काय चोरी करती व्हय रं?”

“चोरी केली असतीस तर झाकता तरी आली असती.”

काकी ग्लास उचलायला वाकली, तर तेवढ्यात मोलकरीण आली आणि ग्लास तिच्या हातून काढून घेतला. पुढच्या हंगामात नदीकडच्या त्या पट्टीवर इमारतीचे खांब उभे राहिले.

मग ती बसली. दिवाणखान्यात एक मोठा सोफा आहे. त्यावर बसलं की काकीचे पाय जमिनीला टेकत नसत. लहान मुलासारखे ते लोंबत असायचे. समोर टीव्ही. स्वयंपाकाला बाई, धुण्याला बाई. काकी म्हणायची, निदान भाजी तरी निवडू द्या. सुवर्णावहिनी ताट काढून घ्यायची. “आत्याबाई, कुणी बघितलं तर माझ्या तोंडात शेण घालतील. म्हणतील, एवढं असून सासूला राबवती.” वहिनीला मी बोल लावत नाही. ती बरोबर बोलत होती. घातलं असतं शेण, आणि घालणाऱ्यांत आमच्याच घरच्या बायका पुढं असत्या.

दुपारी झोपायची, म्हणून रात्री टक्क जागी. कानानं कमी येऊ लागलं, पण ते ती सांगेना. काहीही विचारलं तरी “व्हय व्हय” म्हणायची. जेवलीस का? व्हय व्हय. कुणी आलं होतं का? व्हय व्हय. सगळ्यांना वाटलं, म्हातारी समाधानी झाली. भावकीतल्या एका मुलीला तिनं एकाच बैठकीत दोनदा विचारलं, “तू कुणाची गं?” ती मुलगी हसली, आम्ही सगळ्या हसलो. काकीही हसली, पण पदर तोंडाला लावून. त्यानंतर तिनं तो प्रश्न विचारणंच सोडलं. आयुष्यभर जो प्रश्न विचारून ती माणसं जोडत आली, तोच तिनं गिळला. उत्तर डोक्यात राहणार नाही, ही भीती. आणि कुणाला कळेल, ही त्याहून मोठी.

आमच्या गटानं देवळाच्या सभामंडपात बायकांसाठी शिबिर घेतलं, तेव्हा ती एकटी, पायी, मागच्या दारानं निघून आली. पायात सपाता, घरात घालायच्या. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, कान तपासले, गप्पा मारता मारता काही विचारलं, काही आठवायला सांगितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “विसरायला लागल्यात, पण अजून फार गेलेलं नाही. दाब चढलेला आहे, कान गेलेत. ज्याला ऐकू येत नाही तो माणसांतून उठतो, आणि माणसांतून उठलं की डोकं मंदावतं. मोठ्या दवाखान्यात न्या.”

मग काकीकडे वळून त्यांनी मोठ्यानं, सावकाश सांगितलं. रोज चाला, घाम येईल असं. माणसांत बसा. हात चालू ठेवा, नवं काहीतरी शिका. दाबाची गोळी चुकवू नका. कानाला मशीन लावा. मीठ कमी, मिश्री बंद. दिवसा लोळू नका म्हणजे रात्री झोप येईल. हमी कुणी देत नाही, पण बाईच्या डोक्याला यानं जपता येतं, आणि जितकं लवकर तितकं बरं.

काकीनं ऐकून घेतलं. म्हणाली, “मिश्री सोडली तर ह्यातलं बाकीचं म्या करतच व्हते की वो. त्ये ह्यांनी बंद केलंय. ह्यांना सांगा.”

माझ्या हातात आमचंच पत्रक होतं. ‘भगिनींनो, चाला! बोला! शिका!’ भगिनींना सांगितलं होतं. त्यांना बसवून ठेवणाऱ्यांसाठी त्यात एक ओळ नव्हती.

दत्तादादा शिबिराचं कळल्यावर भडकला. “देवळात फुकट तपासून घ्यायला आपल्याला काय कमी हाय? लोक म्हणतील, दत्ता आईला औषधपाणी करत न्हाई.” पण दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, हेही खरं. सगळ्या तपासण्या केल्या, रात्रभर झोपला नाही. तिथल्या डॉक्टरांनी दाबाची गोळी दिली, कानाचं मशीन लिहून दिलं, आणि तेच सांगितलं. चालणं, माणसं, काम. वहिनी सांगते, दत्तादादानं हात जोडून विचारलं, “साहेब, खर्चाचं मनात आणू नका. याच्यापेक्षा चांगलं, महागातलं काही असेल तर ते द्या.”

महागातलं म्हणून त्यानं ट्रेडमिल आणली. रस्त्यानं चालली तर लोक बघणार, म्हणून घरातल्या घरात चालायचं मशीन. वरच्या खोलीत, खिडकीला पडदा. काकी त्यावर एकदा चढली. पट्टा सरकू लागल्यावर दांडीला लटकली आणि ओरडली, “आरं बंद करा ही! जिमीन पळून चालली!” पुन्हा काही ती चढली नाही. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा खिडकीचा पडदा सारून, मशीनवर स्वच्छ धोतर अंथरून तिनं त्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. “ऊन चांगलं येतं हितं,” मला म्हणाली, “येवढ्यासाठी चांगली हाय.”

कुणी काही ठरवलं नाही. सुवर्णावहिनीनं एवढंच केलं, की दत्तादादाची गाडी सकाळी गेली की मागचं फाटक ती लावायला विसरू लागली. काकी कानात मशीन घालून मागच्या गल्लीनं निघायची आणि नाक्यावर शकीलाचाचीच्या दुकानात जाऊन बसायची. जेवायच्या वेळेला परत. वहिनी कधी विचारत नसे, कुठं होता. मोलकरणीला मात्र सांगून ठेवलेलं, शेठनी फोन केला तर म्हणायचं, आत्याबाई पूजेला बसल्यात.

ते दिवस मी डोळ्यांनी बघितलेत, म्हणून एवढी तडफड होते.

पहिल्या आठवड्यातच मिश्रीचा निकाल लागला. चाचीच्या तोंडात कायम तंबाखूचं पान. काकीनं डॉक्टरीणबाईंचं सगळं तिच्यावर ओतलं, तर चाची म्हणाली, “ठीक है अनसा, तू मिश्री सोड, मी पान सोडते. जी पहिली घसरेल ती दुसरीच्या घरी जाऊन म्हैनाभर भांडी घासेल.”

“घासीन की! तेवढंच काम मिळंल.”

चाचीनं कपाळावर हात मारला. “या अल्ला, हिला तर बक्षीस वाटतंय. मग ऐक. तू हरलीस तर भांडी मी घासणार, आन् तू समोर खुर्चीवर बसून बघायचंस.”

काकीनं त्याच वेळी कमरेची मिश्रीची डबी काढून गटारात टाकली.

चाचीनं तिला पत्ते शिकवले. दोघींत खेळायचा सात-आठ. काकीनं जन्मात पत्ता हातात धरला नव्हता. पत्ते म्हणजे बाप्यांचं व्यसन. बदाम, चौकट, किल्वर, इस्पिक हे तिला पिकांसारखं लावून घ्यावं लागलं. इस्पिकला ती कायम ‘काळं पान’ म्हणायची आणि किल्वरला ‘त्येचा भाऊ’. पण हुकूम बोलायला लागली की तिचे डोळे पूर्वीसारखे बारीक व्हायचे. कुठलं पान पडलं, कुठलं राहिलं, हे मध्येच निसटायचं. “गुलाम पडला का गं?” असं ती विचारायची आणि लगेच ओशाळायची. चाचीनं त्यावर एक युक्ती काढली. प्रत्येक पान टाकताना ते मोठ्यानं बोलायचं, जणू खेळाचा नियमच आहे. “बदामाचा गुलाम चाललाऽ!” आत मोटार उघडून बसलेला चाचीचा नवरा वैतागायचा. “पत्ते खेळताय का भाजी विकताय?” पण काकीला पुन्हा विचारावं लागत नसे. ओशाळावंही लागत नसे. आमच्या अख्ख्या भावकीला जे सुचलं नाही ते चाचीला हसता हसता सुचलं.

मिक्सरच्या भांड्याखालचा कपलर बदलायलाही ती शिकली. तो प्लास्टिकचा दातेरी तुकडा झिजला की भांडं नुसतंच घरघरतं. बायका ते घेऊन यायच्या, काकी पक्कड लावून जुना काढायची, नवा पिळून बसवायची, आणि बसवता बसवता, “तू कुणाची गं?” होय, परत विचारू लागली होती. पुढच्या वेळी ते नाव तिला आठवायचंच असं नाही. आठवलं नाही तर म्हणायची, “परत सांग बाई, म्या म्हातारी हाय.” मला हे तिचं सगळ्यात मोठं धाडस वाटतं.

ती बरी झाली, असं मी लिहिणार नाही. पण रात्री झोपू लागली. दाब उतरला. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर दत्तादादाला म्हणाले, छान चाललंय, जे करताय तेच करत राहा. दत्तादादाला वाटलं, ट्रेडमिल.

मग निवडणूक आली आणि दत्तादादा आमच्या प्रभागातून उभा राहिला. चौकाचौकांत फ्लेक्स लागले. सोफ्यावर काकी, अंगावर पैठणी, गळ्यात ठुशी, आणि पायाशी हात जोडलेला तो. खाली, ‘आईची सेवा करतो, तुमचीही करणार!’ त्या फ्लेक्सखालून काकी रोज सकाळी दुकानात जायची. एकदा वर बघून चाचीला म्हणाली, “कोन गं ही? लई सुस्त दिसती.” विसरली म्हणून म्हणाली की मुद्दाम, ते चाचीलाही कळलं नाही. दोघी हसल्या एवढं खरं.

मतदानाच्या आधी विरोधकांनी एक फोटो फिरवला. आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर आला. काकी स्टुलावर, हातात पक्कड, बोटं ग्रीसनं काळी, मांडीवर मिक्सरचं भांडं. वर लिहिलेलं, ‘आईला कामाला लावणारा वॉर्डची काय सेवा करणार?’ फोटोत काकी इतकी सुंदर दिसत होती, की मी तो अजून पुसलेला नाही.

संध्याकाळी बंगल्यावर कार्यकर्ते जमले. माझे वडीलही होते. मी दारात उभी. कुणी म्हणालं, शेठ, खुलासा करा. कुणी म्हणालं, फोटो खोटा म्हणून सांगा. आणि आमच्याच भावकीतला एक जण खालच्या आवाजात म्हणाला, “आन् बसाया त्येच दुकान घावलं का?” ‘तेच’ म्हणजे काय ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. शकीलाचाचीच्या सासऱ्यांनी आमच्या दोन पिढ्यांच्या बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवून दिल्यात. मीच बोलले. काय बोलले ते सांगण्यासारखं नाही, पत्रकासारखंच बोलले. दत्तादादा म्हणाला, “तू पत्रकं वाटतीस ना? मग आईला कामाला पाठवा म्हणून एक पत्रक वाट. बघू कोण घेतंय.” सगळे हसले.

काकी सोफ्यावरच बसली होती. कानात मशीन होतं, म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं. ती दत्तादादाला म्हणाली, “माझ्यामुळं तुझी मान खाली गेली व्हय रं?” त्यानं मोबाइलवरचा तो फोटो परत उघडला. तिनं कानातलं मशीन काढलं आणि सोफ्याच्या हातावर ठेवलं.

मागच्या फाटकाला कुलूप बसलं. दत्तादादा निवडणुकीत पडला, पण कुलूप तसंच राहिलं. त्या मधल्या महिन्यांत मी गेले की काकी दाराकडे पाठ करून बसलेली असायची. मशीन कानात घालायला तयार नसायची. वहिनीला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागली. वहिनी त्या नावाला ओ देऊ लागली.

एके दिवशी पुढच्या फाटकातून दुधाचा टेम्पो आत आला आणि त्याच्या आडून ती बाहेर पडली. दोन तास कुणाला पत्ता नाही. नदीकडच्या पट्टीवर आता जी सोसायटी आहे तिच्या पार्किंगमध्ये ती सापडली. दोन गाड्यांच्या मधल्या फरशीवर उकिडवी बसून बोटानं काहीतरी उकरत होती. तिथल्या वॉचमननं, त्या लातूरकडच्याच, तिला ओळखलं. चहा पाजला, हाताला धरून पायी बंगल्यापर्यंत आणलं. फाटकात सगळी आळी गोळा झालेली. तो दत्तादादाला म्हणाला, “साहेब, आज्जीला असं येकलं पडू द्यायलाव व्हय? माझ्या मायेवानी हाय ती. माझं गाव इथं तिलाच तेवढं ठाव हुतं.”

त्यानं आवाज चढवला नव्हता. दत्तादादा, जो चार माणसांत मान वर करून फिरण्यासाठी हे सगळं करत आला होता, तो चार माणसांत मान खाली घालून उभा होता. माणसं पांगल्यावर त्यानं वहिनीला विचारलं, “त्या दुकानात जायची तेव्हा ती बरी होती का?”

वहिनी म्हणाली, “होती.”

परवा मी निघोज्याला जायला निघाले होते, सकाळचं ऊन चढत होतं. आमच्या आळीतून दत्तादादा आणि काकी पायी येताना दिसले. त्यानं तिचा हात धरला होता. त्यांच्या मागून, माणसाच्या चालीनं, पांढरी गाडी सरकत येत होती. आत ड्रायव्हर, चेहरा कसनुसा. काकी पूर्वीसारखी झपाझप चालत नव्हती, पण थांबतही नव्हती. मध्येच वळून तिनं ड्रायव्हरला हातानं खुणावलं, “जा की म्होरं! आमी काय तुला आडवलंय?”

मी माझी दुचाकी बंद करून नाक्यावर थांबले. चाची स्टूल घेऊन बाहेर आली, काकीला बसवलं, कानातलं मशीन नीट केलं आणि पत्ते वाटायला घेतले. काकीनं पानं उलटीसुलटी धरली. चाचीनं ती सारखी करून दिली आणि पहिलं पान मोठ्यानं हाक देत टाकलं. काकी कितीतरी वेळ हातातल्या पानांकडे बघत राहिली. मग एक टाकलं. चुकीचं टाकलं. चाचीनं चालवून घेतलं.

दत्तादादा दुकानाच्या पायरीखाली रस्त्यावर उभा होता. आत जाईना, गाडीतही बसेना. एक मोटारसायकलवाला वेग कमी करून म्हणाला, “काय दत्ताशेठ, हिकडं कुणीकडं?”

“काय न्हाई,” तो म्हणाला, “मिक्सर टाकलाय दुरुस्तीला.”

काकीनं मान वर केली. हातातली पानं तशीच धरून तिनं त्याच्याकडे बघितलं. “कुणाचा रं मिक्सर, दत्ता?”

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मोटारसायकल पुढं निघाली होती. तो रस्त्याच्या मधोमध आला आणि त्या माणसाच्या पाठीमागं ओरडला, “आई हाय माझी आत! आई बसलीय! पत्ते खेळती!”

मोटारसायकल वळणावरून गेली होती. त्या माणसाला ऐकू गेलं नाही. नाक्यावरच्या आम्हा दोघा-तिघांनाच गेलं, आणि काकीला. तिनं मान डोलावली, जणू कुणीतरी तिची ओळख करून दिली, आणि पुढचं पान उचललं.